लाल चिठ्ठीचे उंदीर

चौथ्यांदा तेच झालं. लाल चिठ्ठीच्या पिंजऱ्यांतले सगळे उंदीर किरकोळ संसर्गाने मेले आणि प्रयोगशाळेतल्या मॅडमचा तोल सुटला. उंदरांची देखभाल करणाऱ्या काकांना त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुमच्या घाणेरड्या कामापायी माझी तीन वर्षं मातीत गेली." काकांना काढून टाकावं असा अर्जही त्यांनी वर पाठवला.

उंदराच्या पेशी जनुकांचे तुकडे उलटसुलट जोडून रोगजंतूंशी लढणारी लाखो तऱ्हेची प्रतिपिंडं बनवतात. कुठलाही नवा रोग आला तरी त्यांतलं एखादं उपयोगी पडतंच. मॅडमनी लाल चिठ्ठीच्या उंदरांत एकाच प्रतिपिंडाचं, आधीच जोडून ठेवलेलं जनुक घातलं होतं. असं आयतं मिळाल्यावर पेशी स्वतःची जोडाजोड बंद करतात का, एवढंच त्यांना शोधायचं होतं. पण तपासायला उंदीर जगतील तर ना!

संध्याकाळी वैतागून नोंदवही चाळताना त्या थबकल्या. शेजारच्या पिंजऱ्यांतले साधे उंदीर त्याच खोलीत, त्याच भुशावर ठणठणीत होते. म्हणजे दोष घाणीचा नव्हता; लाल चिठ्ठीवाल्यांकडे ते एकच प्रतिपिंड होतं, जोडाजोड खरंच बंद पडली होती. उत्तर चार वेळा हातात येऊन गेलं होतं.

त्या तडक खाली गेल्या. "काका, चूक तुमची नव्हती. फक्त लाल चिठ्ठीवालेच मरत होते."

काका पिंजरा घासत राहिले.

"हे मी पहिल्याच खेपेला सांगितलं होतं, मॅडम. तुम्ही म्हणालात, 'तुम्ही फक्त पिंजरे धुवा.'"