साडेतीनशे वाक्यं

घड्याळजी आणि त्यांची मुलगी रुग्णालयात वेळेच्या आधीच येऊन बसले होते. घड्याळजींच्या गळ्यात नळी, तिच्याभोवती पांढरी पट्टी आणि मांडीवर लिहायची पाटी. ऑपरेशनला तीन आठवडे झाले होते. आवाज गेला तो कायमचाच. पण आज त्यांना यंत्र मिळणार होतं. त्यावर लिहिलं की ते बोलणार, आणि तेही घड्याळजींच्याच आवाजात. त्यासाठी ऑपरेशनच्या आधी सहा दिवस इथे बसून त्यांनी साडेतीनशे वाक्यं रेकॉर्ड केली होती.

दाराबाहेर वाचातज्ज्ञ बाई रुग्णालयाचा सर्व्हर सांभाळणारीला हळूच म्हणाल्या, "डिस्क खराब झाली एवढंच सांगते मी. शेवटी यंत्रच ते."

"नको मॅडम. मीच सांगते."

दोन दिवसांपूर्वी याच बाईंनी तिची पाठ थोपटली होती. सर्व्हरने सकाळी मान टाकली आणि चाळीस मिनिटांत रुग्णांच्या नोंदी, तपासण्या, तारखा सगळं जागच्या जागी आलं. ती करामत एजंटची. एजंट म्हणजे सर्व्हरवर बसून राहणारा छोटासा प्रोग्राम. बदललेलं तेवढंच उचलायचा आणि दुसऱ्या इमारतीतल्या साठ्यात नेऊन ठेवायचा. पूर्वी बॅकअपसाठी अख्खा रविवार काम बंद ठेवावं लागे. हा एजंट यावा म्हणून तिने दोन वर्षं वरिष्ठांचं डोकं खाल्लं होतं.

ती आत जाऊन समोर बसली. वाचातज्ज्ञ बाई तिच्या मागे उभ्या राहिल्या.

"काका, तुमची रेकॉर्डिंग्ज गेली. परत येणार नाहीत."

मुलगी गोंधळली. "अहो, पण सगळं परत आलंय ना? आत्ता काउंटरवर बाबांची फाइल लगेच उघडली."

"फाइल एका डिस्कवर होती, आवाज दुसरीवर. कुठली डिस्क सांभाळायची ते एजंटला यादीत खूण करून सांगावं लागतं. आवाजांची डिस्क मोठी. पहिल्या कॉपीलाच सगळं नेटवर्क तुंबलं असतं. म्हणून मी तिच्यापुढची खूण काढून ठेवली. पुढच्या आठवड्यात करू म्हटलं. त्याला चौदा महिने झाले."

चौदा महिने रोज सकाळी एजंटचा अहवाल यायचा, सर्व सुरळीत. खोटं काहीच नव्हतं त्यात. सांगितलेलं काम तो चोख करत होता. बिघडलेली डिस्क ती काल स्वतः दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली होती. त्याने ती उघडून पाहिली आणि पैसेही न घेता परत दिली.

"घरी काही असेल तर बघा ना," ती म्हणाली. "एखादा व्हिडिओ, फोनवरचा निरोप..."

"फोन नेहमी आईच घ्यायची. आणि व्हिडिओ काढायचे बाबाच. गप्प उभं राहून." मुलगी तिच्याकडे बघत राहिली. "ती खूण करायला किती वेळ लागतो?"

"नेटवर्क तुंबलं असतं, म्हणून..."

"सांगा ना. किती वेळ लागतो?"

"क्षणभर."

मुलगी ओढणी तोंडाशी धरून रडायला लागली. घड्याळजींनी पाटी बाजूला सारली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जुन्या सवयीने बोलायला तोंड उघडलं. ओठ हलले. गळ्यातल्या नळीतून हवा सुटली.

"काय बाबा?" मुलीने कान त्यांच्या ओठांशी नेला. "परत म्हणा."

घड्याळजी परत म्हणाले. खोलीतल्या तिन्ही बायका जिवाचा कान करून थांबल्या. ऐकू आला तो नुसता श्वास.