कमी विजेचं कार्ड

या, पुढे सरकून बसा. चिपळूणच्या कुंदावहिनींची गोष्ट सांगतो, मन घट्ट करून ऐका.

वहिनींची लेक मृण्मयी घरांचे नकाशे काढायला शिकत होती. कॉम्प्युटरचं जुनं ग्राफिक्स कार्ड वीज फार खायचं. लाईट गेली की इन्व्हर्टरला एकच झेपायचं, कॉम्प्युटर नाहीतर सासऱ्यांचं, म्हणजे दादांचं, ऑक्सिजनचं मशीन.

"मोठं कार्ड न्या वहिनी, पोरगी खूश होईल," दुकानदार म्हणाला.

"नको भाऊ. कमी वीज खाणारं द्या. लाईट गेली तरी कॉम्प्युटर आणि सासऱ्यांचं ऑक्सिजन, दोन्ही एकदम चाललं पाहिजे."

"मग हे छोटं. पण लेक रुसेल हां."

"रुसू दे. आजोबा तिचेच आहेत."

लेक रुसली नाही. परीक्षेचा नकाशा घेऊन बसली. दुपारी लाईट गेली, तरी पडद्यावरचं घर हललं नाही. स्वयंपाकघरात वहिनींनी मनोमन हात जोडले.

तासाभराने त्या चहा घेऊन सासऱ्यांच्या खोलीत गेल्या. मशीन बंद होतं. दादांनी स्वतःच बटण दाबून नळी उशाशी काढून ठेवली होती. अंग गार पडत चाललं होतं.

नातीचं काम बुडू नये, एवढंच त्या जिवाला कळलं होतं. नवं कार्ड कशासाठी आणलं हे दुकानदारालासुद्धा ठाऊक होतं, दादांना सांगायचं मात्र वहिनींच्या हातून राहून गेलं.

दादांना पांडुरंगाने जवळ घेतलं असेल. आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा कुंदावहिनींची आठवण ठेवा.