एकही राहू देऊ नकोस

"आईची गाणी काढ," बाबा म्हणाले. "सगळी. एकही राहू देऊ नकोस."

थोरलीने चहाचा कप खाली ठेवला. बाबा चपला घालून दारात उभे होते. वीज खात्यात लाइनमन म्हणून जन्म काढलेला हा माणूस शब्दसुद्धा मीटर पडत असल्यासारखे वापरायचा. आई गेल्यापासून तर मीटर हलतच नव्हतं.

"नक्की ना, बाबा?"

"हो. आता जमेल मला."

"तिच्या फोनमधली?"

"तीसुद्धा. संध्याकाळी येईपर्यंत होईल?"

"होईल."

"मग झालं, ठमे." आणि ते जिना उतरून गेले.

टीव्हीखालच्या कप्प्यात पुस्तकाएवढी काळी पेटी होती. ती थोरलीनेच बसवलेली. थोरली पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिला पसारा खपत नसे, आणि घरातली गाणी म्हणजे निव्वळ पसारा होता. काही बाबांच्या सीड्यांवर, काही धाकट्या भावाच्या लॅपटॉपवर, काही कुठल्याशा हरवलेल्या पेनड्राइव्हवर. तिने सापडलं ते सगळं पेटीत भरलं आणि पेटी घरच्या वायफायला जोडली. कुणीही, कुठल्याही खोलीतून, हवं ते ऐकावं. धाकटा तर नोकरीच्या गावाहूनही ऐकायचा.

"सगळ्यांची गाणी सगळ्यांना," ती ऐटीत म्हणाली होती.

"म्हणजे कुणाकडेच काही नाही," धाकटा म्हणाला होता. "सहकारी सोसायटीच झाली की ही."

पेटीचा खरा फायदा घेतला आईने. तिचं शिवणाचं दुकान होतं. मशीन चालवता चालवता ती गायची आणि शेजारी फोन चालू ठेवायची. घरी आली की फोनमधलं सगळं आपोआप पेटीत जायचं. गाण्यामागे मशीनची टकटक, मध्येच "अगं, काज उलटं केलंस की!" आणि लगेच पुढची ओळ, सूर जराही न हलता.

ती गेल्यावर एकदा जेवताना पेटी आपल्या मनाने गाणी लावत होती. कुणाची तरी बासरी संपली आणि अचानक आई. बाबा ताटावरून उठले, स्पीकर बंद केला आणि गच्चीवर निघून गेले. तेव्हापासून घरात गाणं लागलं नव्हतं. बाबा अर्ध्यावर उठायचे, कुणी काही विचारलं की "हं" म्हणायचे. या माणसाने पोटभर जेवावं, घरात मोकळं बसावं, थोरलीला बाकी काही नको होतं. आणि आज त्यांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

तिने धाकट्याला फोन लावला.

"वेड लागलंय का, ताई?"

"मी नाही, बाबा म्हणाले."

"नीट विचारलंस?"

"विचारलं ना. एकही राहू देऊ नकोस म्हणाले. आता जमेल म्हणाले."

तो म्हणाला, "गुपचूप मला पाठव ना सगळी."

"आणि तू सुट्टीत येशील, अंघोळ करताना मोठ्याने लावशील."

"मी अंघोळ करतो हे मानलंस, उपकार झाले. गाणी जाऊ देत गं. मधेमधे ती ओरडते ना, ते हवंय मला."

"मला नकोय का, रे? पण आपण तिची मुलं. संसार त्यांनी केला तिच्याबरोबर."

"कर मग. फक्त झालं म्हणून मला कळवू नकोस."

पेटीत दोन डिस्क होत्या. एक बिघडलीच तर दुसरीत सगळं जसंच्या तसं असावं म्हणून. अशा जोडीचा नियम साधा असतो: एकीवर लिहिलं की दुसरीवर उमटतं, एकीवरून पुसलं की दुसरीवरूनही जातं.

थोरलीने ड्रॉवरमधला पेनड्राइव्ह हातात घेतला, जरा वेळ धरला आणि परत ठेवला. ती स्वतःला ओळखून होती. आज ना उद्या तिने ते लावलंच असतं, आणि बाबांचे कान तिखट.

एकच रेकॉर्डिंग तिने ऐकलं. मशीन थांबलेलं होतं. आई ओठ मिटून गुणगुणत होती. दोरा ओठांत धरलेला असणार. मग दोरा सुईत गेला असावा, कारण एकदम तोंड उघडून आई मोकळ्या गळ्याने गाऊ लागली.

थोरलीने फोल्डर पुसला. कचऱ्याची टोपली रिकामी केली. आईचा फोन नवाकोरा केला. मोकळ्या झालेल्या जागेवर शून्यं लिहायला पेटीला लावलं, म्हणजे उकरूनही काही हाती लागू नये. अर्धवट करायचं तर हातच लावू नये, हे तिला प्रयोगशाळेने शिकवलं होतं. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. ती समोर बसून रडली. दुपार सरता सरता पट्टी भरली, तेव्हा उठून तोंड धुतलं.

बाबा आले ते एकटे नव्हते. बरोबर मावशी होती, आणि आईच्या दुकानातल्या दोघी, काजवाली आणि कटिंगवाली. बाबांनी दाढी केली होती. अंगात कडक इस्त्रीचा सदरा. थोरलीला भरून आलं. माणूस माणसांत परत आला होता.

"वाळलीस गं पोरी," मावशी तिचा दंड दाबत म्हणाली. "आणि तुझ्या बापाने मला झोपेतून उठवून आणलंय. चल म्हणाले, का ते सांगेनात."

"ते कधी सांगतात?" काजवाली म्हणाली, आणि बाबा चक्क हसले.

"चहा टाकते," थोरली म्हणाली.

"चहा मागाहून." बाबा स्वतः खुर्च्या ओढून गोल मांडत होते. "झालं ना, ठमे?"

"झालं बाबा. एकही राहिलं नाही."

त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो बराच वेळ तिथेच राहिला. मग ते मावशीकडे वळले.

"बघा, हिने तिची सगळी गाणी काढून ठेवलीत." ते खुर्चीत टेकले आणि त्यांनी डोळे मिटले. "लाव गं. अगदी पहिल्यापासून."