बिनमिठाची भाजी

“एकट्याच राहता ना, आजी?” तपासनीस बाईंनी दारातच विचारलं.

“दिसतंय का दुसरं कोणी?” आजी पदराला हात पुसत म्हणाली.

पेन्शनचा कायदा बदलल्यापासून ही तपासणी घरोघर चालू होती. एका घरात दोन पेन्शनवाले सापडले, की एकाची पेन्शन बंद. इस्पितळाचे कपडे धुण्यात आजीचा जन्म गेला होता. मिळत होतं त्यात भाडं आणि औषधं कशीबशी भागत. तेही गेलं तर खायचं काय, या विचाराने तिला सकाळपासून घास गेला नव्हता.

बाईंची नजर खोलीभर फिरली. एक खाट, एक कप, भिंतीला टेकलेलं जुनं कपाट.

“कपाटाच्या पायांखाली पोतं कशाला?”

“फरशीला चरे पडतात.”

“आणि आजोबा?”

“काडीमोड घेतला. दोन वर्षं झाली.”

“या वयात?”

“अक्कल यायला वयाची अट असते का?”

तेवढ्यात पलीकडून भिंतीवर दणका बसला. “ओ बाई! माणसाला झोपू द्याल की नाही?”

“कानांत बोळे घाला!” आजी गरजली. मग आवाज उतरवून म्हणाली, “सुतार आहे शेजारचा. म्हातारा झाला तरी खोड जात नाही मेल्याची.”

“त्यांनाही विचारते.”

सुताराच्या जिभेला हाड नव्हतं. कधी काय बोलून बसेल, नेम नाही.

सुतार डोळे चोळत दारात आला. “हिच्याकडे कोण राहणार? तोंड म्हणजे तोफखाना! वर भाजीत मिठाचा कण नाही.”

“ते तुम्हाला कसं ठाऊक, आजोबा?”

सुताराची बोबडी वळली. “वास येतो ना... भिंतीतून.”

“मिठाचा?”

आजीने डोळे मिटून घेतले. ज्याच्या रक्तदाबापायी स्वतःही मीठ सोडलं, तोच आज पोटावर पाय देऊन मोकळा झाला होता.

बाईंनी थोडं लिहिलं, पेनाला टोपण लावलं. “एकट्या राहतात, असं लिहिलंय.”

आजीने डोळे उघडले. चपला घालता घालता बाई वळल्या.

“पोत्याने काम भागत नाही, आजी. मागचं दार उघडायला कपाट सरकवल्याचे चरे दिसतात. जाड सतरंजी घाला. बाबा पलीकडच्या खोलीत राहायला गेल्यापासून माझ्या आईनं तेच केलंय.”