मटकीचे मोड

कस्तुरीच्या संगणकी पाटीवर तिसऱ्यांदा लाल अक्षरं उमटली, ‘निरीक्षण चूक.’ भिजवलेल्या मटकीला किती तासांनी मोड आले, एवढंच लिहायचं होतं. तिने बारा लिहिले. पण या पाट्यांना प्रत्येक प्रयोगाचं उत्तर आधीच ठाऊक असायचं, आणि ते होतं पुस्तकात छापलेलं चोवीस. बाकी सगळ्या पाट्या केव्हाच हिरव्या झाल्या होत्या.

“बाई, चोवीस लिहू का?” तिने रडवेल्या आवाजात विचारलं. “आई करते तशी फडक्यात बांधून चुलीच्या उबेला ठेवली होती मी. सकाळी बघितलं तर मोड आलेले. देवाशप्पथ!”

देवस्थळी बाईंनी तिची पुरचुंडी सोडली. आत पांढरेशुभ्र, टपोरे मोड होते. मग त्यांनी शेजारच्या मुलाची डबी उचलून हलवली. मटकी खडखड वाजली. पुढची डबी हलवली, तीही वाजली. अख्ख्या वर्गात कुणी मटकीला पाणीच दाखवलं नव्हतं.

बाईंनी कस्तुरीची पाटी बाकावर उपडी घातली आणि फळ्यावर खडूने ठसठशीत लिहिलं, ‘बारा तास, चुलीच्या उबेला. बघणारी, कस्तुरी.’

मग वळून बाकीच्यांना म्हणाल्या, “जा, पाणी घेऊन या.”