बैठं जपानी टेबल

१९३६ साली मी नवी सून होते. बायकांनी पुरुषांच्या मागून जेवायचं, ही घरची रीत. मला सोबत घेऊन जेवता यावं म्हणून ह्यांनी त्यांच्या आवडत्या, सदर भागातल्या ईश्वरदासच्या जुन्या सामानाच्या दुकानातून जुनं, बैठं जपानी टेबल आणलं.

सासूबाई खूश. "बरं केलं गा, सत्यनारायणाले चौरंग पायजेच होता."

"आई, हे आम्हा दोघांले जेवाले आणलं."

"देव बसले आता. उठवतो का त्याहिले?"

दुसरं आणलं, त्यावर महालक्ष्म्या बसल्या. तिसऱ्यावर गणपती. ईश्वरदास म्हणाला, "भाऊसाहेब, पंगत लई मोठी दिसते तुमची!"

पुढे ईश्वरदास दुकान विकून इंदूरला गेला. सासूबाई नव्वदीपर्यंत जगल्या. हे त्यांच्या आधीच गेले. आम्ही दोघं सोबत एकदाही जेवलो नाही.