चिखलाचा काळा

"मुलगी मागायला आलाय की चिखल?" न्येले कुलिबाली कडाडली. जुमाना कैता आल्यापासून तिच्या कापड रंगवायच्या चिखलाच्या मडक्यापाशी उकिडवा बसला होता. जेवण निवलं. नात सितान दाराआड ताटकळली. मागणीच्या कोला बिया चटईवर मांडल्या होत्या, तिकडेही त्याने वळून पाहिलं नव्हतं.

बिया घेऊन आलेला भाट कुयाते घाईने म्हणाला, "आजी, रसायनाचा मास्तर आहे तो. त्याला येत नाही असं जगात काही नाही."

न्येलेने आधी एक व्यापारी परत धाडला होता, मग जकातीचा साहेब. तेव्हा म्हातारीला विद्वान जावई हवा, असं अख्ख्या सेगू शहराने ठरवून टाकलं. याही बिया परत गेल्या, तर पुन्हा कोणी दार वाजवणार नव्हतं. आणि सितानला तर हाच हवा होता.

"बोल रे, राजघराण्यातल्या. माझ्या चिखलात काय दिसलं?"

"चवळीखाऊ कुलिबालींना झेपेल असं सांगतो, आजी." कैता आणि कुलिबाली कुळांची ही पिढीजात थट्टा; रागवायची सोयच नाही. "चिखलात लोखंड आहे. कापडाला पाजलेला पानांचा रस त्याला चहूकडून धरतो. बंधाला लागणारे दोन्ही इलेक्ट्रॉन रसच देतो. लोखंड दमडी देत नाही."

"म्हणजे अगदी कैता."

दाराआड कोणीतरी खुदकन हसलं.

"रसाच्या दाटीने लोखंडातल्या इलेक्ट्रॉनांचे दोन मजले होतात. उजेड पडला की खालचा वर उडी मारतो. त्या उडीमुळे आपल्याला रंग दिसतो."

"कसला रंग?"

"फिका हिरवा, फिका जांभळा."

न्येलेने दोरीवरचं कापड ओढून त्याच्या मांडीवर टाकलं. तव्याच्या बुडासारखं काळं.

"हा फिका?"

जुमानाने कापड उलटंसुलटं करून पाहिलं. कुयातेने डोळे वटारले: काहीतरी ठोकून दे! जुमानाने मातीत बोटाने दोन रेघा ओढल्या, पुसल्या. मग त्याचा चेहरा एकदम फुलला.

"नाही जमत! एवढा काळा त्या उडीतून येणारच नाही. वर्गात मी चुकीचं सांगत आलो. कुठून येतो हा, मला माहीत नाही, आजी."

कुयातेने कपाळावर हात मारला आणि बिया गोळा करायला वाकला.

"ठेव त्या खाली!" न्येले जुमानाकडे वळली. "आधीच्या दोघांना सगळं येत होतं. माझ्या नवऱ्यालाही यायचं. तो मरेपर्यंत मी नुसतं ऐकलं. हात धू, जावईबापू. तुझ्या घरात पोरीला निदान बोलायला तरी मिळेल."